बैठकीचा प्रश्न

मराठी भाषेने दुखण्यांची जी वर्गवारी केली आहे, तीत 'अवघड जागेचे दुखणे' हा एक स्वतंत्र वर्ग मानलेला असून, त्याच्या जोडीला जावयालाच वैद्य करून बसवण्याची क्रूर कल्पकताही याच भाषेने दाखवली आहे. कारण या वर्गात वेदना किती आहे यापेक्षा ती दाखवायची कोणाला, हा प्रश्न अगोदर उभा राहतो. मूळव्याध ही या वर्गाची पाटलीण होय. संस्कृत वैद्यकात तिला 'अर्श' म्हणतात आणि शत्रूसारखी छळते म्हणून अर्श, अशी त्या शब्दाची व्युत्पत्ती परंपरेने दिली जाते. व्युत्पत्ती योग्यच आहे, फक्त शत्रू निदान समोरून येतो, एवढा भेद तीत नोंदवायचा राहून गेला.

सायखेडा हे नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातले गोदावरीकाठचे बाजाराचे गाव असून पलीकडच्या तीरावर चांदोरी आहे. कांदा, द्राक्षे आणि ऊस ही इथली पिके, पूर हा इथला न बोलावता येणारा पाहुणा, आणि बसणे हा इथल्या सर्व व्यवहारांचा पाया आहे. हे शेवटचे विधान अतिशयोक्त वाटल्यास तपासून पाहावे: कांद्याची निवड उकिडवे बसून होते, ट्रॅक्टर बसून चालतो, सोयरीक बैठकीत जमते, बांधाचा वाद पारावर बसून वाढवला जातो आणि तिथेच बसून मिटवला जातो, दशक्रियेला घाटावर प्रवचन संपेपर्यंत बसावे लागते, आणि दारात आलेल्या माणसाच्या कानावर 'या'नंतर पडणारा दुसरा शब्द 'बसा' हाच असतो. अशा समाजात ज्याला आठ-दहा दिवस बसता येणार नाही, तो नुसता रुग्ण राहत नाही. तो व्यवहारातूनच उठतो.

मुळात हा रोग म्हणजे एखादी बाहेरून आलेली वस्तू नव्हे. गुदद्वाराच्या आतल्या बाजूस रक्तवाहिन्यांनी भरलेल्या मऊ गाद्या प्रत्येक माणसाला जन्मतःच असतात आणि वायू व पाणी नकळत झिरपू न देण्याचे काम त्या मुकाट्याने करत असतात. कुंथण्याने, बद्धकोष्ठाने, गरोदरपणाने किंवा नुसत्या वयाने त्यांचा आधार सैल पडला की त्या फुगतात, घसरतात, रक्त सांडू लागतात, आणि मग कुठे त्यांना मूळव्याध हे नाव मिळते. तेव्हा मूळव्याध 'झाली' म्हणण्यापेक्षा होती ती बिघडली, असे म्हणणे अधिक शास्त्रशुद्ध ठरेल. लोकभाषेत या फुगलेल्या गाद्यांना 'कोंब' किंवा 'मोड' म्हणतात. सायखेड्यात कोंब हा शब्द कोणी निर्विकारपणे ऐकू शकत नाही, कारण चाळीत साठवलेल्या उन्हाळ कांद्याला पावसाळा सरता सरता कोंब फुटले की वर्षाचे गणित कोसळते. मोड मात्र मटकीला आले तर ते मिसळीत मानाने जाऊन बसतात आणि पुढे झणझणीत रश्शाच्या साह्याने आपल्या नामबंधूंची भेट घेतात.

वेदनेचे सारे रहस्य एका रेषेत आहे. गुदद्वारापासून सुमारे दोन सेंटिमीटर आत एक दातेरी कड असते, तिला दंतुर रेषा म्हणतात, आणि गोदावरीच्या दोन तीरांवरच्या गावांचा कारभार जसा दोन वेगळ्या ग्रामपंचायती पाहतात, तसा या रेषेच्या दोन बाजूंचा कारभार दोन वेगळ्या जातींचे मज्जातंतू पाहतात. वरच्या बाजूचे मज्जातंतू स्वायत्त असून ते फुगणे आणि ताणणे एवढेच वर कळवतात, बाकी कापले, भाजले किंवा बांधले तरी तक्रार पुढे पाठवत नाहीत. खालच्या बाजूचे मज्जातंतू त्वचेचे असून बोटाच्या टोकाइतके हळवे आहेत आणि एवढ्यातेवढ्यावरून मोर्चा काढतात. यांपैकी कोणता स्वभाव चांदोरीचा आणि कोणता सायखेड्याचा, हे ठरवण्याची जबाबदारी प्रस्तुत लेख घेत नाही, कारण पुलावरून लोकांना रोज ये-जा करावी लागते.

छोट्या प्रक्रियांचा सगळा शहाणपणा म्हणजे ही रेषा ओलांडायची नाही, एवढाच. कोंबाच्या मुळाशी धागा बांधण्याची पद्धत ब्लेझडेल या अमेरिकी शल्यचिकित्सकाने १९५८ साली पुढे आणली आणि १९६३ साली डेट्रॉइटच्या बॅरन यांनी धाग्याच्या जागी रबराचे चिमुकले कडे वापरून ती सोपी केली. आज तालुक्याच्या दवाखान्यातही बाह्यरुग्ण विभागात काही मिनिटांत जे 'बँड लावणे' होते ते हेच. द्राक्ष बागायतदाराला हे तत्त्व समजावून सांगावे लागत नाही. वेलीच्या खोडाची साल कड्यासारखी गोल काढून अन्नरस घडांकडे अडवून ठेवण्याला तो गर्डलिंग म्हणतो आणि त्यातून मणी फुगावा अशी त्याची अपेक्षा असते. इथे कडे बसते ते मणी सुकावा म्हणून, आणि रक्त तुटलेला तो मणी साधारण आठवड्या-दीड आठवड्यात कड्यासकट गळूनही पडतो. बागायतदार मान डोलावतो, फक्त 'मणी' हा शब्द उच्चारताना दाराकडे एकदा पाहून घेतो. कडे रेषेच्या वर बसले असेल तर एक-दोन दिवस नुसते जड वाटते आणि पुन्हा पुन्हा जाऊन यावेसे वाटते. पण बँड लावताक्षणी कळ डोक्यात गेली, तर कडे रेषेच्या फार जवळ बसले असे समजून ते तिथल्या तिथे काढून घ्यायचे असते, आणि त्या क्षणी ओठ चावून 'काही नाही, काही नाही' म्हणणाऱ्या माणसाला पुढची रात्र त्याचे उत्तर देते. दुसरी पद्धत इंजेक्शनची असून तीत फिनॉल हे औषध बदामाच्या तेलात मिसळून कोंबाच्या बुडाशी सोडतात. बदामाचे तेल हे शब्द ऐकून घरातल्या वडीलधाऱ्यांना हा उपचार पौष्टिक वाटू लागतो. रेषेखालच्या, म्हणजे बाहेरच्या कोंबात रक्ताची गाठ धरली तर ती काढून टाकण्याचा फायदा पहिल्या ७२ तासांत सर्वांत जास्त असतो, आणि नेमके हेच तीन दिवस माणूस कोणाला सांगावे या विचारात घालवतो.

प्रक्रिया संपल्यावर परिचारिका विचारते की शून्य ते दहा या मापात दुखणे किती आहे. वैद्यकाने हे माप वेदना मोजण्यासाठी बनवले; पण कांद्याच्या लिलावाला उभे राहण्यात हयात गेलेल्या माणसाला कोणताही आकडा हा पुकाराच वाटतो आणि पहिल्या पुकाऱ्याला खरा भाव सांगायचा नसतो, हे त्याच्या रक्तात असते. पुरुष 'दोन' म्हणतो आणि खुर्चीच्या कडेवर अशा बेताने टेकतो की बघणाऱ्याला आठ दिसावेत. स्त्री आकडाच सांगत नाही; 'होईल कमी' एवढे म्हणते आणि जनावरांना चारा कोणी टाकला असेल याची चौकशी करते. या दोन्ही उत्तरांचा परिणाम एकच होतो, तो असा की गोळ्या कमी लिहून मिळतात.

या लपवाछपवीला प्राचीनांनी वावच ठेवलेला नव्हता. सुश्रुतसंहितेत अर्शावर औषध, क्षार, अग्नी आणि शस्त्र असे चार उपाय सांगितले असून, क्षार लावताना रुग्णाच्या शरीराचा वरचा भाग दुसऱ्या माणसाच्या मांडीवर टेकवलेला असावा, असा स्पष्ट निर्देश आहे. ही मांडी कोणाची, हे ग्रंथात नाही, आणि सायखेड्यात आज ही प्रक्रिया करायची झाली तर क्षार मिळण्यापूर्वी या मांडीवरच बैठक बोलवावी लागेल: भावाशी वाटणीवरून बोलणे बंद, मुलगा पुण्याला, मेहुणा गावभर सांगणारा, आणि उरला तो जावई. क्षार लावून शंभर अक्षरे उच्चारण्याइतका वेळ थांबावे, मग आंबट द्रवाने धुऊन ज्येष्ठमध घातलेले तूप लावावे, मग रुग्णाला उष्ण पाण्यात बसवावे, आणि कोंब अनेक असतील तर सात सात रात्रींच्या अंतराने एकेकाचा समाचार घ्यावा, हा तपशील वाचला म्हणजे आधुनिक दवाखान्याच्या कागदावरची अर्धी यादी त्यात सापडते. एकाच वेळी सगळे कोंब न बांधता काही आठवड्यांच्या अंतराने बांधण्याची रीत आजही पुष्कळ ठिकाणी पाळली जाते. बदल झाला तो मांडीच्या बाबतीत. तिच्या जागी आता रेक्झिनचे टेबल आहे.

गोळ्यांचे शास्त्र त्यामानाने सरळ आहे. पहिले दोन-तीन दिवस वेदनाशामक घड्याळावर घ्यायचे असते, कळेवर नव्हे, कारण कळ पूर्ण चढल्यावर घेतलेली गोळी ही पूर ओसरल्यावर घराला लावलेल्या फळ्यांसारखी असते, हे गोदाकाठी कोणालाही पटावे. पॅरासिटामॉल हे यातले सर्वांत निरुपद्रवी औषध असले, तरी धडधाकट प्रौढासाठीही दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या इतकीच आहे आणि यकृत दुबळे असल्यास किंवा दारूची सवय असल्यास ती आणखी खाली येते. सर्दीच्या गोळीतही तेच औषध असते, हे मात्र बहुधा कोणी पाहत नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीची औषधे सूज उतरवतात, पण जठर, मूत्रपिंड आणि रक्तस्राव यांचा हिशेब डॉक्टरने केल्यावाचून ती घ्यायची नसतात, विशेषतः ती आजीच्या गुडघ्यासाठी आणलेल्या पाकिटातून काढलेली असताना. ट्रामाडॉलसारखी अफूच्या कुळातली औषधे वेदना झोपवतात आणि त्याबरोबर आतड्यालाही झोपवतात. म्हणजे आजचे दुखणे परवाच्या तारखेला व्याजासह पुढे ढकलले जाते. बधिर करणारे लिग्नोकेनचे मलम आणि आकसलेला स्नायू सैल सोडणारे डिल्टियाझेमचे मलम ही दोन्ही उपयुक्त असली, तरी मलम बोटाने लावायचे की नळीने, हा प्रश्न औषधाच्या दुकानात चार गिऱ्हाइकांच्या देखत विचारणारा वीर अजून पाहण्यात आलेला नाही.

खरा उपचार घमेल्यात आहे. कोमट पाण्यात बसून शेकण्याच्या या विधीला इंग्रजी वैद्यक 'सिट्झ बाथ' म्हणते आणि त्यातला 'सिट्झ' हा बसण्याच्या जर्मन क्रियापदापासून आला आहे, म्हणजे बसता न येणाऱ्या माणसाला सांगितलेला उपायही शेवटी बसण्याचाच निघतो. कोमट पाण्याने गुदद्वाराचा घट्ट आवळलेला आतला स्नायू सैल होतो, आणि प्रक्रियेनंतरच्या वेदनेचा मोठा भाग जखमेचा नसून या आवळण्याचा असल्यामुळे दिवसातून दोन-तीनदा दहा-पंधरा मिनिटे बसले की आराम पडतो. दवाखान्यातून यासाठी कमोडवर ठेवायचा प्लॅस्टिकचा टब घ्यायला सांगतात; परंतु घरात संडास भारतीय बैठकीचा असल्यास तो टब कशावरच बसत नाही, आणि मग कुटुंबाची दृष्टी कांदे उचलायच्या घमेल्याकडे वळते. बांधकामाचे पत्र्याचे घमेले यासाठी निरुपयोगी असते, कारण ते उथळ असून त्याची कड बसणाऱ्याच्या मांडीवर आपली सही करते. जाड प्लॅस्टिकचे, गोल काठाचे आणि बुडाला रुंद असेच निवडावे लागते, आणि कांद्याचा वास जाईपर्यंत ते राखेने घासावे लागते. पाणी बंबातले घेतले तर पहिली बादली कढत निघते, म्हणून हाताच्या कोपराने ते पाहून घ्यायचे असते, जसे तान्ह्या बाळाच्या आंघोळीचे पाहतात. मग मोरीचे दार लावून पंचेचाळीस किंवा साठ वर्षांचा, ज्याच्या शब्दावर सोसायटीची निवडणूक फिरते असा गृहस्थ त्या घमेल्यात बसतो, गुडघे हनुवटीला लागलेले, हातात मोबाइल, आणि बाहेरून नातू दर दोन मिनिटांनी विचारत असतो की आजोबा आत इतका वेळ काय करतात. पाण्यात पोटॅशियम परमँगनेटचे दोन-चार कण टाकण्याची प्रथा आपल्याकडे जुनी आहे. पाणी गुलाबी होते, रुग्णाला उपचार झाल्यासारखे वाटते, आणि साध्या पाण्याने तेवढेच काम होते हे सांगून त्याचा आनंद घालवण्याचे कारण नाही, फक्त कण जास्त पडले तर कातडी भाजते.

यानंतर येतो तो पहिला दिवस. प्रक्रियेनंतरच्या पहिल्या शौचाची भीती इतकी असते की माणूस ती पुढे ढकलतो. पुढे ढकललेला मळ आतच सुकतो, सुकलेला मळ अधिक दुखवतो आणि भीती खरी होती असे सिद्ध होते. हे चक्र मोडण्यासाठी इसबगोलाचा भुसा आणि लॅक्ट्युलोजसारखे मळ मऊ करणारे द्रव आधीपासूनच सुरू करायचे असते. इसबगोल हे नाव फारसी असून घोड्याच्या कानाशी त्याचा संबंध आहे, कारण ते बी त्या आकाराचे दिसते. हा भुसा स्वतः काही करत नाही, तो फक्त पाणी धरून फुगतो, म्हणून पेलाभर पाण्याशिवाय कोरडा फाका मारणाऱ्याचे पोट अधिकच बांधले जाते. मिरचीने मूळव्याध होते असे ठामपणे म्हणता येत नाही, पण मिरचीतले तिखट द्रव्य पुरते न पचता खालपर्यंत पोहोचते आणि उष्णता ओळखणारी जी यंत्रणा जिभेवर असते तीच खालच्या त्वचेतही असल्याने, ताज्या जखमेच्या आठवड्यात ठेचा दोनदा लागतो. ठेच्याशिवाय भाकरी म्हणजे औषधच झाले, अशी तक्रार यावर येते. ती बरोबर आहे. त्या आठवड्यात ती औषधच असते.

घरात कसेबसे निभावते, खरी परीक्षा उंबऱ्याबाहेर असते. नाशिकहून प्रक्रिया करून परतणाऱ्याला २५-३० किलोमीटरच्या वाटेवरचा प्रत्येक गतिरोधक वेगळा ओळखता येऊ लागतो आणि मोटारसायकलवर मागे बसलेला असा माणूस दर वेळी दोन्ही पावलांवर भार देऊन किंचित उचलला जातो, ते पाहून पाठीमागच्या गाडीवाल्याला हा कोणाला तरी उठून नमस्कार करतो आहे असे वाटते. हवेची गोल गादी घेतली तर निम्मा गाव विचारणार, आणि ती कड्यासारखी गादी मधल्या भागाला आधार न देता उलट ताणच देते, असे म्हणणारे डॉक्टरही आहेत. त्यापेक्षा घरची मऊ उशी किंवा एका कुशीवर पडून राहणे बरे. लग्नाच्या बैठकीत मात्र कुशीवर पडता येत नाही. तिथे 'बसा की!' हा आग्रह तीनदा होतो; पहिल्यांदा 'गाडीत बसूनच आलो' म्हणता येते, दुसऱ्यांदा 'जरा पाय मोकळे करतो' चालते, तिसऱ्यांदा यजमानाच्या चेहऱ्यावर शंका दिसू लागते की देण्याघेण्यात काही राहिले म्हणून पाहुणा उभा आहे. नांदूरमध्यमेश्वरचे पाणथळ, जे २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ ठरले, ते याच तालुक्यात आहे आणि हिवाळ्यात तिथे येणारे रोहित पक्षी एका पायावर तासन्‌तास उभे राहतात. मंडपाच्या खांबाला टेकून आलटून पालटून एकेका पायावर उभ्या असलेल्या गृहस्थाकडे मात्र कोणी दुर्बीण लावत नाही. पुरुषाला निदान उभे राहता येते. खळ्यावर रोजाने कांदे निवडणाऱ्या बाईला उकिडवे बसण्यावाचून काम नाही, दुखणे सांगितले तर उद्याची मजुरी जाते, आणि बाळंतपणात सुरू झालेले हे दुखणे तिने चार-चार वर्षे पदराआड ठेवलेले असते; या ठिकाणी विनोद आपोआप आखडता घ्यावा लागतो.

द्राक्षांच्या छाटणीचे वेळापत्रकही उपचाराच्या आड येते. सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडबार छाटणी, पुढे फवारण्या, मग माल काढणी, आणि त्यानंतर खरड छाटणी, या चक्रात बागेला सवड असते तेव्हाच मालकाच्या कोंबाला मुहूर्त लागतो. तोवर सल्लागार आपले काम करत असतात. सुरण खा, असे सांगणाऱ्याला हसण्याचे कारण नाही, कारण संस्कृतात सुरणाचे एक नावच 'अर्शोघ्न', म्हणजे अर्शाचा नाश करणारा, असे आहे आणि त्यातल्या चोथ्याचा उपयोग कोणीही मान्य करील. ताकाची थोरवी चरकाने अर्शाच्या प्रकरणात गायली आहे, तेही पोटाला मानवते. बोटातल्या अंगठीने ही व्याधी जाते असे सांगणाऱ्याला मात्र, अंगठी आणि व्याधी यांच्यातल्या अंतराचा नकाशा काढायला सांगावा. विनाऑपरेशन, विनावेदना, गॅरंटीसह, अशी अक्षरे रस्त्याकडेच्या भिंतींवर माणसाच्या उंचीएवढी रंगवलेली असतात. ज्या रोगाचे नाव घरात कुजबुजत घेतात त्याचेच नाव वेशीवर सर्वांत ठळक असते. लंडनमध्ये फ्रेडरिक सॅमन यांनी १८३५ साली गरिबांसाठी सात खाटांचे जे रुग्णालय काढले, त्याच्या नावात भगंदर आणि गुदाशयाचे रोग असा सरळ उल्लेख होता. पुढे नव्या इमारतीत गेल्यावर त्याचे नाव सेंट मार्क्स झाले, आणि रोग्यांचे पत्ते बरेच सभ्य झाले.

काही लक्षणे मात्र ना गुलाबी पाण्याने भागणारी असतात, ना लाजेने. कडे गळून पडताना थोडे रक्त दिसणे अपेक्षितच आहे. पण धार लागणे, गुठळ्या पडणे, ताप येणे, लघवी अडणे किंवा दुखणे दिवसागणिक उतरण्याऐवजी चढत जाणे, यांपैकी काहीही झाले तर ती रात्रच मोठ्या दवाखान्याची असते, कारण बँडनंतर क्वचित होणारा खोलवरचा जंतुसंसर्ग जिवावर बेततो. रक्ताचे कारण दर वेळी मूळव्याधच असते असेही नाही, आणि पन्नाशीच्या आसपासच्या माणसाने ते तपासून घेतल्यावाचून कोंबाच्या नावावर खर्ची टाकू नये. अशा वेळी जावई खरोखरच डॉक्टर असला तर त्याला फोन करायला हरकत नसावी.

बहुतेकांच्या बाबतीत यातले काही घडत नाही. दहाव्या दिवसाच्या सुमारास कडे केव्हा पडले ते कळतही नाही, गृहस्थ पारावर दोन्ही मांड्या टेकून बसतो, आणि घमेले धुऊन पुन्हा खळ्यावर जाते. परमँगनेटचे पाणी वाळले की प्लॅस्टिकवर तपकिरी डाग सोडते आणि तो नुसत्या राखेने घासून पुरता निघत नाही, हे मात्र या कुटुंबाला फार उशिरा समजते. काढणीच्या दिवसांत शेजारपाजारचे लोक एकमेकांची घमेली हक्काने उचलून नेतात. त्या विशिष्ट घमेल्याला कोणी हात लावत नाही, का लावत नाही हे कोणी बोलत नाही, आणि तसली तपकिरी कड असलेले आणखी एक घमेले शेजारच्या खळ्यावरही पालथे घालून ठेवलेले असते.